चरबीतला बटाटा आणि बाईचं ताट

साड्यांची फॅशन वीस वर्षांनी परत येते म्हणतात. खाण्यापिण्याचंही आता तसंच झालंय. कालपर्यंत ज्या पदार्थाला नाकं मुरडली, तोच आज 'शक्तिवर्धक' म्हणून समोर येतो. सध्या पाळी आहे प्राण्यांच्या चरबीची. अमेरिकेत २०२५ साली एका हॉटेल-साखळीनं आपले बटाट्याचे फ्राइज तेल सोडून पुन्हा गाईच्या चरबीत तळायला सुरुवात केली आणि तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. बियांची तेलं वाईट आणि जुन्या काळची चरबी चांगली, असा एकूण सूर. लगोलग आपल्याकडच्या मोबाईलवरही निरोप फिरू लागले. गाईची चरबी आपल्याकडे बहुतेक घरांत चालायची नाही. त्यामुळे इकडे येता येता त्या निरोपातली चरबी गेली नि तिच्या जागी साजूक तूप आलं, एवढाच काय तो फरक! 'तूप कितीही खा, अंगाला लागत नाही', 'बटाटा तुपात परतला की बाधत नाही', 'आजी खात होती, तिला काय झालं?' असं बरंच काही.

मैत्रिणींनो, तूपसुद्धा प्राण्यापासूनच येतं. ते झाडाला लागत नाही. गाई-म्हशीच्या दुधातली चरबी कढवून आपण जे काढतो, ते तूप. तेव्हा 'बटाटा चरबीत भाजावा की नाही' हा प्रश्न काही फक्त साहेबाच्या स्वयंपाकघरातला नाही. तो आपल्या कढईतलाही आहे. म्हणूनच त्याच्याकडे जरा नीट बघूया.

मुळात चरबीत भाजलेला बटाटा ही इंग्रजांच्या रविवारच्या जेवणातली खास चीज. मांसाचा मोठा तुकडा भट्टीत भाजायला ठेवायचा. त्यातून जी चरबी ठिबकते ती जपून ठेवायची. तिला ते 'ड्रिपिंग' म्हणतात. बटाटे सोलून, अर्धेकच्चे उकडून, पातेल्यातच जरा हलवायचे, म्हणजे त्यांच्या कडा भुसभुशीत होतात. मग ते कडकडीत तापलेल्या चरबीत घोळवून भट्टीत भाजायचे. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे मऊ. डुकराची चरबी, गाईची चरबी, नाताळात बदकाची किंवा हंसाची चरबी, असे त्यात घराघराचे प्रकार.

माझी भाची नवऱ्याच्या नोकरीमुळे लीड्सला असते. तो भाग यॉर्कशायरचा. तिथल्या मासे आणि चिप्सच्या पुष्कळ दुकानांत आजही तळणीसाठी गाईची चरबीच वापरतात. ती फोनवर हसत हसत सांगत होती, "मावशी, इथं बटाटासुद्धा शाकाहारी आहे का, ते विचारून घ्यावं लागतं!" आपल्याकडे बटाटा म्हणजे शाकाहाराचाच काय, उपवासाचाही राजा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरूच्या डोंगरातून निघालेला हा कंद पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि नावासकट आपला झाला. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. आणि एकादशीला आपण त्याचं काय करतो? तुपात जिरं-मिरची टाकून खरपूस परततो! म्हणजे साहेबाचा रविवार आणि आपली एकादशी, दोन्हीकडे बटाटा प्राणिजन्य चरबीतच आहे. फक्त आपली चरबी दुधातून आली, त्याची मांसातून.

आता या चरबीचं लोकांनी काय काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज कित्येक वर्षं मुख्यतः गाईच्या चरबीत तळले जात. फिल सोकोलॉफ नावाच्या उद्योजकाला ऐन त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांनी पुढे स्वतःचे पैसे घालून वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या, की ही चरबी लोकांची हृदयं बिघडवते आहे. अखेर १९९० साली कंपनीनं चरबी सोडून वनस्पती तेल धरलं. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण ते तेल टिकावं म्हणून त्यावर हायड्रोजनची अर्धवट प्रक्रिया केलेली असे आणि त्यातून तयार होत होती 'ट्रान्स फॅट'. ती तर मूळ चरबीहूनही वाईट निघाली. वाईट कोलेस्टेरॉल वाढवते ते वाढवतेच, वर चांगलं कमीही करते. म्हणजे सासूला कंटाळून वेगळं बिऱ्हाड केलं आणि घरमालकीण निघाली सवाई सासू, अशातली गत!

गंमत अशी, की तेलात तळायला लागल्यावरही फ्राइजची ती जुनी चव राहावी म्हणून अमेरिकेत त्यात गोमांसाचा अर्क घातला जात होता. ते उघडकीला आल्यावर २००१ साली तिथल्या हिंदू आणि शाकाहारी मंडळींनी दावा लावला. कंपनीनं माफी मागितली, २००२ मध्ये एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्या वेळी आपल्या मुंबई-ठाण्यातही निदर्शनं झाली होती. भारतातल्या फ्राइजमध्ये असं काही नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला होता.

आपल्याकडचा इतिहास काही वेगळा नाही. साजूक तूप परवडेना म्हणून घरोघरी वनस्पती तूप आलं. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. 'डालडा' हे नाव तर इतकं रुळलं, की कोणत्याही कंपनीचं वनस्पती तूप म्हणजे डालडाच. लग्नाच्या पंगती त्यावर उठल्या, दिवाळीचे अनारसे त्यात तळले गेले. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याच्या बातम्यांनी देश हादरला. धर्म बुडाला म्हणून लोक चिडले, ते साहजिकही होतं. पण भेसळ नसलेल्या वनस्पती तुपात जी ट्रान्स फॅट होती, तिच्याबद्दल मात्र कोणी मोर्चा काढला नाही. तेलं, वनस्पती आणि त्यापासून केलेल्या पदार्थांतल्या चरबीत ती दोन टक्क्यांहून जास्त नसावी, हा नियम आपल्याकडे लागू व्हायला २०२२ साल उजाडलं.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की 'हे विष' आणि 'ते अमृत' असे शिक्के मारणाऱ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवला की असं होतं. एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकाला. मधे आपलं डोकं वापरायचं राहूनच जातं.

तर डोकं वापरून थोडा हिशेब करूया. घरखर्चाची वही आपणच लिहितो, मग हा हिशेब काय अवघड?

शंभर ग्रॅम उकडलेला बटाटा म्हणजे साधारण ८५ कॅलरी. चरबी जवळजवळ शून्य. त्यात पिठूळ पदार्थ भरपूर, पोटॅशियम चांगलं, बऱ्यापैकी 'क' जीवनसत्त्व (सालासकट उकडलं तर ते जास्त टिकतं), थोडीशी प्रथिनं आणि अगदी थोडं लोह. म्हणजे बटाटा काही टाकाऊ नाही. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधले गरीब लोक प्रामुख्यानं बटाटा आणि ताक-दुधावर जगत होते आणि चांगले धडधाकट होते. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, पीक कुजलं, तेव्हा तिथं दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. इतकी त्यांची त्याच्यावर मदार होती.

आता हाच बटाटा चरबीत गेला की काय होतं? मोठे तुकडे भट्टीत भाजले तर शंभर ग्रॅममागे पाचेक ग्रॅम चरबी चिकटते आणि कॅलरी दुपटीच्या घरात जातात. बोटासारखे फ्राइज तळले तर चरबी पंधरा ग्रॅमच्या आसपास. आणि वेफर्स? शंभर ग्रॅम वेफर्समध्ये तेहतीस-पस्तीस ग्रॅम चरबीच! तुकडा जितका बारीक, तितकं तो तेल-तूप जास्त पितो. चरबी गाईची असो, सूर्यफुलाची असो की घरच्या लोण्याची, एका ग्रॅमला नऊ कॅलरी हा हिशेब सगळ्यांना सारखा. एक चहाचा चमचा तूप म्हणजे पाच ग्रॅम, म्हणजे ४५ कॅलरी. 'साजूक' म्हटलं म्हणून त्यातली एकही कॅलरी कमी होत नाही.

फरक आहे तो चरबीच्या जातीत. जी चरबी थंडीत थिजते, तिच्यात साधारणपणे संपृक्त चरबी जास्त. तुपात ती शंभरात साठ, गाईच्या चरबीत पन्नास, डुकराच्या चरबीत चाळीस. हंसाच्या चरबीत तर तिसाच्याही आत. उलट झाडाचं असूनही खोबरेल तेलात ती ऐंशीच्या वर आणि पाम तेलात जवळजवळ पन्नास! आपल्या बाजारच्या फरसाणात आणि वेफर्समध्ये पुष्कळदा हे पाम तेलच असतं. तेव्हा 'वनस्पती तेलात तळलंय' असं पाकिटावर वाचून हुरळून जायचं कारण नाही. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी सतरा-अठरा, सूर्यफुलाच्या तेलात दहा-अकरा.

ही संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, हे आजही खरं आहे. फॅशन बदलली म्हणून शरीर बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांहून जास्त या चरबीतून नकोत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला त्या हिशेबानं साधारण २२ ग्रॅम. म्हणजे तुपाचे सात चमचे, पण तेही दूध, साय, पनीर, मटण, बिस्किट यातलं काहीही न खाता! ते सगळं आपण खातोच. मग तुपाच्या वाट्याला दोन-तीन चमचेच उरतात. आणि संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी मैदा नि साखर खाल्ली तर हृदयाला काही फायदा होत नाही, हेही तितकंच खरं. तूप बंद केलं म्हणून अभिमानानं सांगणाऱ्या आणि चहाबरोबर चार बिस्किटं उडवणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

एक गोष्ट आचेची. बटाटा जास्त तापमानाला, १२० अंशांच्या वर भाजला-तळला की त्यात 'ॲक्रिलामाइड' नावाचं द्रव्य तयार होतं, हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलं आहे. उकडलेल्या बटाट्यात ते होत नाही. चरबी कोणती याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही, रंगाशी आहे. इंग्लंडच्या अन्नसुरक्षा खात्यानं २०१७ मध्ये लोकांना सांगितलं, बटाटा सोनेरी झाला की थांबा, तपकिरी होऊ देऊ नका. आपल्या आया 'करपवू नकोस गं' म्हणत, त्या काही वेगळं सांगत नव्हत्या.

इतकं सगळं झाल्यावर, 'मग बटाटा चरबीत भाजला तर पौष्टिक की नाही?' याचं उत्तर काय? बटाट्यानं ताकद मिळते, चरबीनं ती वाढते, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. तुपाबरोबर थोडं 'अ' जीवनसत्त्वही मिळतं. पण या जोडीत भरपूर प्रथिनं नाहीत, पुरेसं लोह नाही. त्यामुळे तो बटाटा पौष्टिक की नाही, हे त्याच्या शेजारी ताटात काय आहे, यावर ठरतं. आणि मला खरं सांगायचंय ते इथून पुढेच.

साहेबाच्या रविवारच्या जेवणात बटाट्याशेजारी मांस असतं, भाज्या असतात, हे खरं. पण कोणाच्या ताटात? लंडनच्या लॅम्बेथ भागात १९०९ ते १९१३ या काळात मॉड पेम्बर रीव्ह्ज आणि त्यांच्या फेबियन महिला गटातल्या मैत्रिणी आठवड्याला जेमतेम पाऊंडभर मिळवणाऱ्या कुटुंबांत नियमानं जात. त्यांनी त्या बायकांच्या घरखर्चाच्या वह्या लिहवून घेतल्या आणि १९१३ साली त्याचं पुस्तक केलं. त्यातून काय दिसलं? मांस आणायचं ते कमावत्या पुरुषासाठी. पोरांच्या वाट्याला बटाटा आणि त्यावर मांसाचा रस, नाहीतर पावाला लावलेली चरबी. आणि आईच्या वाट्याला जे उरेल ते. ही माणसं अडाणी होती म्हणून नव्हे, तर पैसेच तेवढे होते म्हणून. 'यांना लापशी करायला शिकवा' म्हणणाऱ्या शहाण्यांना त्या बाईंनी ठणकावून सांगितलं, की लापशीला दूध लागतं, भांडं लागतं, जळण लागतं. ते कुठून आणायचं?

शंभर वर्षांहून जुनी, सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट. पण आमच्या महिला मंडळातर्फे मी ज्या वस्तीत जाते, तिथं रविवारी दुपारी ती जशीच्या तशी दिसते. घरात माणसं सात, मटण पाऊण किलो. मग ते 'वाढवायला' त्यात चार-पाच बटाटे पडतात. हाही चरबीत शिजलेला बटाटाच, आणि काय सुरेख लागतो! मटणाचा सगळा रस, सगळी तर्री पिऊन बसलेला. वाढायची वेळ आली की आधी नवरा, मग सासरे, दीर, मुलगे. फोडी तिकडे जातात. मुलींना एखादी हाडाची. आणि सगळ्यांचं झाल्यावर बाई बसते, तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं? रस्सा आणि बटाटा. एकदा एकीला मी विचारलं, "अगं, तू मटण नाही घेत?" ती पदराला हात पुसत म्हणाली, "मला बटाटाच आवडतो ताई, लहानपणापासून." शेजारीण फिसकन हसली. म्हणाली, "आमच्यात सगळ्याच बायांना बटाटा आवडतोय ताई!"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत ते प्रमाण ४८ होतं. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! घरात मटण शिजतं, पण त्यातलं लोह आणि प्रथिनं ताटाच्या वाटेनं दुसरीकडे जातात नि बाईच्या वाट्याला पिठूळ बटाटा आणि तवंग येतो. वजन वाढतं, म्हणून लोक म्हणतात, 'खाऊनपिऊन सुखी आहे'. रक्त तपासलं की कळतं, सुखी किती ते.

आणि हे फक्त वस्तीतच आहे, असं कृपा करून समजू नका. आमच्या सोसायटीत मटण शिजत नसेल, पण उपवास शिजतो! संकष्टी, एकादशी, सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. त्या दिवशी पोटात काय? तुपातली बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, चहा. घरातले पुरुष डाळ-उसळ जेवतात आणि घर सांभाळणारी बाई दिवसभर पीठ नि तूप. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. उपवास मीही करते. पण देवानं 'तुझ्या ताटातली डाळ नवऱ्याला दे' असं कुठं सांगितलंय? उपवासाला राजगिरा चालतो, त्यात लोह आणि कॅल्शियम चांगलं असतं. दाण्याचं कूट चालतं, ताक-दही चालतं, वरीची भगर चालते, खजूर चालतो. मग आठवण फक्त बटाट्याचीच का होते? पटकन होतो म्हणून. सगळ्यांचा नेहमीचा स्वयंपाक करून वर स्वतःसाठी काही वेगळं करायला वेळ कोणाला आहे?

म्हणूनच या 'तूप खा, चरबी खा' किंवा 'तूप सोडा, चरबी सोडा' अशा सरसकट सल्ल्यांचा मला राग येतो. सल्ला एक आणि ऐकणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या. बसून काम, दारात गाडी, फ्रिजमध्ये साय आणि रक्तात साखर असलेल्या बाईला 'कितीही तूप खा' सांगणं धोक्याचं. आणि पहाटे चारला उठून पाणी भरणारी, दिवसभर धुण्याभांड्यांची कामं करणारी, कोरडी भाकरी-चटणी खाणारी बाई 'तूप वाईट असतं म्हणे' असं ऐकून महिन्यातून एकदा मिळणारा चमचाभर तूपही नवऱ्याच्या वाटीत सरकवते, ते त्याहून धोक्याचं. तिला त्या चमच्याची गरज आहे. भाजीतलं 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायलासुद्धा थोडी चरबी लागते.

मग करायचं काय? मला विचाराल तर चार गोष्टी.

पहिली. बटाटा तुपात करायचा तर जरूर करा, पण माणशी एक चमचा मोजून. आधी सालासकट उकडा, मोठ्या फोडी करा, म्हणजे तूप कमी पितो. सोनेरी झाला की उतरवा. रोजच्या स्वयंपाकाला मात्र शेंगदाणा, करडई, सूर्यफूल अशी तेलं आलटून-पालटून, बेतानं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, तूप असलं तरी.

दुसरी. बटाटा ताटात एकटा येऊ देऊ नका. शेजारी मोडाची उसळ, डाळ, अंडं, मासळी, जे घरात चालतं ते असू द्या. लिंबू पिळा, म्हणजे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. मटणात बटाटा घालायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती फोडी एकीकडे आणि बटाटे एकीकडे जाण्याला.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. वाढतानाच सगळ्यांची ताटं एकदम वाढा. स्वतःचंही. फोडी मोजा, बटाटे मोजा. मुलाला दोन तर मुलीलाही दोन. आमच्या मंडळात आम्ही हे सांगायला लागलो, तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं स्वतःच्या पानात आधी वाढून घ्यायचं, शोभतं का?" मी म्हटलं, "आजी, तुमच्या सुनेला चक्कर येऊन पडलेली शोभते का?" आजी गप्प बसल्या. पुढच्या वेळी सून सांगत होती, रविवारी सासूबाईंनीच तिच्या पानात फोड घातली. एवढ्यानं काही क्रांती होत नाही, मला माहीत आहे. पण पातेल्याची पळी बायकांच्याच हातात असते, हे आपण विसरतो. पुरुषांना नावं ठेवण्याआधी आपल्या हातातली पळी कुठं वळते, ते बघायला काय हरकत आहे?

चौथी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. चाळिशीनंतर साखर आणि कोलेस्टेरॉलही. तो कागद हातात आला की तुमच्या ताटात तूप किती हवं, हे ठरवता येईल. मोबाईलवरचा निरोप तुमचं रक्त तपासून लिहिलेला नसतो!

अमेरिकेत बटाटा चरबीत तळावा की तेलात, यावर मंत्री बोलतात, कंपन्या बोलतात, डॉक्टर भांडतात. भांडू देत. आणखी दहा वर्षांनी कदाचित चरबी पुन्हा वाईट ठरेल आणि नवं एखादं तेल गादीवर बसेल. आपल्या घरात तोवर सात ताटं रोज मांडली जाणार आहेत आणि त्यातलं सातवं नेहमी शेवटी. या रविवारी ते सातवं ताट बाकीच्या सहांबरोबर मांडा. मग बटाटा तुपातला असो की रश्श्यातला, तो खाऊन बघा, आणि त्याच्या शेजारी तुमच्या वाटणीचं बाकीचंही सगळं खा. कोणी विचारलंच, तर सांगा, "मला बटाटा आवडतोच, पण फोडही आवडते!"